झाकणाचा वास

तात्याबाच्या घराण्यात जमीन उशिरा आली, नाक मात्र पहिल्यापासून होतं. तीन पिढ्या मेंढरांमागं फिरलेल्या. मेंढवाड्याभोवती लांडगा घुटमळतोय हे कुत्र्याच्या आधी तात्याबाला कळायचं, असं अंथुर्णे गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. सांगणाऱ्यांनी थोडं तिखटमीठ लावलं असेल. पण अंधारात हाताला लागलेलं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे तो नुसतं हुंगून सांगायचा एवढं खरं. पुढं मेंढरं विकली, तीन एकरांत ऊस आला. नाक काही विकता येत नाही. ते त्याच्या पोराकडं, मल्हारकडं आलं आणि मल्हारनं त्या नाकावर चक्क नोकरी मिळवली.

बारामती एमआयडीसीतल्या एका खासगी डेअरीत मल्हार ग्रेडर होता. गावोगावच्या केंद्रांवरून टेम्पोनं दुधाचे कॅन यायचे आणि डॉकवर, म्हणजे उतरवून घ्यायच्या ओट्यावर, रांगेनं लागायचे. दुधाची तपासणी पुढं मशीनवर होतेच, पण तिला वेळ लागतो आणि तोवर एका कॅननं अख्खी टाकी नासवलेली असते. म्हणून पहिली परीक्षा नाकाची. हेल्परनं कॅनचं झाकण उचलून ग्रेडरच्या हातात द्यायचं, ग्रेडरनं झाकणाची आतली बाजू हुंगायची आणि ओरडायचं, "घ्या!" नाहीतर "बाजूला!" एका पाळीत सहाशे झाकणं. दूध आंबायच्या तासभर आधी ते आंबणार हे मल्हारला कळायचं. कुणाच्या गाई उसाच्या वाढ्यावर आहेत, कुणाच्या मुरघासावर, कुणी कॅन सोड्यानं धुतला आणि नीट विसळला नाही, हे तो टेम्पोवाल्याला तोंडावर सांगायचा. टेम्पोवाले त्याला शिव्या घालायचे आणि त्याच्यापुढं खोटं बोलायचे नाहीत.

झाकणं उचलायला त्याच्याजवळ बिरू असायचा. भवानीनगरच्या अलीकडं वस्तीवर राहणारा, मल्हारपेक्षा दोनच वर्षांनी धाकटा, दोन लेकरांचा बाप. नऊ वर्षं झाली तरी कंत्राटावरच. मल्हारनं त्याला वेळ मिळेल तसं शिकवलं होतं. "पयला वास खरा, बिरू. दुसऱ्यांदा हुंगलं की नाक आपल्याला पायजे तसं बोलाय लागतं." बिरू मान डोलवायचा आणि झाकण नाकाशी न्यायचा. त्याला ते पटापट जमायला लागलं, पण कंत्राटी हेल्परच्या नाकाला विचारतो कोण?

अपघात झाला तो फेब्रुवारीत, भल्या सकाळी. पहिल्या पाळीला निघालेला मल्हार मोटारसायकलवर होता. भवानीनगरच्या जवळ उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून कडेला उभा होता. त्याला चुकवायला मागून आलेली कार मल्हारच्या मागच्या चाकाला लागली. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लावलेला नव्हता. हेल्मेट एकीकडं गेलं आणि मल्हार दुसरीकडं, मागच्या डोक्यावर पडला. गाडीवाला आनंद नावाचा इंदापूरचा इंजिनीअर. तो पळून गेला नाही. त्यानंच मल्हारला आपल्या गाडीत घालून बारामतीत दवाखान्यात नेलं, दोनदा फळं घेऊन आला, चूक माझी म्हणाला. शिव्या द्याव्यात असा माणूससुद्धा नशिबात नव्हता म्हणा ना.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला मागं आठ टाके पडले. डोक्याच्या स्कॅनमध्ये विशेष काही दिसलं नाही. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. योगिनीनं, त्याच्या बायकोनं, खंडोबाला नारळ बोलला. दवाखान्यातलं जेवण मल्हारला मातीसारखं लागायचं. तो म्हणायचा, औषधांमुळं असेल. घरी आल्यावर तिनं हौसेनं मटण केलं. त्यानं दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आज मसाला न्हाय घातला का?" ती हसली. तिला वाटलं, आजारी माणसाची चेष्टा.

मल्हारला मात्र त्या रात्रीच कळलं होतं. जेवण झाल्यावर तो मागच्या दारी गेला आणि हातात सापडेल ते हुंगत सुटला. रॉकेलचा डबा, लसणाचा गड्डा, गोठ्यातली ओली पेंड, स्वतःचा घामट शर्ट. काही नाही. जगावर कुणी तरी झाकण घट्ट बसवलं होतं आणि ते उचलायला बिरू जवळ नव्हता.

तेव्हाच त्यानं सांगायला हवं होतं. पुढं त्याच्या वकीलबाईंनी हेच विचारलं, डॉक्टरांनी हेच विचारलं. विचारणाऱ्यांना सोपं आहे. पाय मोडलेला माणूस लंगडतो, जग त्याला बसायला जागा देतं. नाक मोडलेलं नाही, नुसता वास गेला, हे कुणाला दाखवायचं? आणि ज्याच्या घराण्याची खरी मिळकत नाकच होती, त्यानं ते कोणत्या तोंडानं सांगायचं? येईल परत, असं मनाशी म्हणत दीड महिन्यानं तो कामावर गेला.

पहिल्या दिवशी बिरूनं पहिलं झाकण हातात दिलं. मल्हारनं हुंगलं आणि ओरडला, "घ्या!" दुसरं, तिसरं, दहावं, सगळी "घ्या!" अकराव्या झाकणाला बिरू जागचा हलला नाही. खाली मान घालून पुटपुटला, "दादा, ह्यो आंबलाय की."

मल्हारनं त्याच्याकडं पाहिलं. बिरूनं मल्हारच्या डोळ्यांत काय पाहिलं कोण जाणे, पण त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. मल्हार ओरडला, "बाजूला!" आणि त्यानंतरचं झाकण बिरूनं सुलटं दिलं, त्यानंतरचंही सुलटं, आणि टेम्पो संपता संपता एक झाकण उलटं करून हातात ठेवलं. मल्हारला कळलं. सुलटं म्हणजे घ्या, उलटं म्हणजे बाजूला. यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही. मेंढरामागं हिंडलेल्यांची पोरं ती. दोन टेकड्यांवरून नुसत्या काठीच्या हालचालीवर कळप वळवणाऱ्यांची. त्यांना खुणेला शब्द लागत नाहीत.

असे अठ्ठावन्न दिवस गेले. रोज बिरू झाकण उचलायचा, ते त्याच्या नाकासमोरून जायचं आणि उलटं किंवा सुलटं मल्हारच्या हातात यायचं. मल्हार हुंगल्यासारखं करायचा आणि ओरडायचा. पाळी संपली की रजिस्टरवर सही करायचा. अठ्ठावन्न दिवसांत एक कॅन चुकला नाही.

एकोणसाठाव्या दिवशी बिरूच्या गावात बिरोबाची यात्रा होती. गजी नाचात ढोल वाजवायचा मान त्याच्या घराकडं. तो चुकवता येत नाही. त्या दिवशी तरी मल्हारनं रजा टाकावी की नाही? पण आजारपणात सगळ्या रजा संपलेल्या, आणि अठ्ठावन्न दिवस निभावलं की माणूस एकोणसाठाव्याला देवावर टाकतो. एका टेम्पोत डिझेलचा ड्रम कलंडला होता. बदली हेल्परनं झाकण दिलं, मल्हार "घ्या!" म्हणाला, आणि डिझेलचा वास मारणारं दूध टाकीत गेलं. सगळी टाकी ओतून द्यावी लागली. मॅनेजरनं विचारलं, तर मल्हार म्हणाला, "सर्दी झालीया." त्याला डॉकवरून काढून क्रेट धुवायला लावलं, आणि महिन्याभरानं तेही काम कंत्राटात गेलं आणि मल्हार घरी बसला.

मग घरात सगळं बाहेर आलं. योगिनीनं रडून घेतलं आणि पुण्याला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी कुप्या हुंगवल्या, यंत्रं लावली आणि सांगितलं की मागं मार बसला की नाकाकडं जाणाऱ्या बारीक नसा पुढच्या बाजूला तुटतात. हे घडतं ते त्याच क्षणी, आणि इतक्या दिवसांनी वास परत येणार नाही. कागदावर लिहून दिलं. पण कागदावरच हेही होतं, की ही तपासणी रुग्णाच्या उत्तरांवर अवलंबून असते.

बारामतीच्या सरोजिनीबाई वकील अपघाताच्या भरपाईची कामं करायच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणाऱ्या, पण कामात पक्क्या. त्यांनी दावा लावला. हाडाचं मिळेल, टाक्यांचं मिळेल, पण ते किरकोळ. खरी भरपाई नोकरीची, आणि नोकरी गेली ती वास गेल्यामुळं, हे सिद्ध झालं तर. आनंदनं आपली चूक कबूलच केली होती, पण पैसे द्यायचे विमा कंपनीनं, आणि कंपनी म्हणत होती की हा माणूस धडधाकट आहे, निष्काळजीपणानं नोकरी घालवली आणि आता नाकाचं सोंग आणतोय.

असं करत दोन वर्षं गेली. तारखांवर तारखा. मल्हार उसाला पाणी देई, मिळेल तेव्हा ट्रॅक्टरवर जाई. लग्नाला नववं वर्ष लागल्यावर योगिनीला दिवस गेले. नवस केले तेव्हा काही झालं नाही आणि आता, हातात काही नसताना, देवानं दार उघडलं. योगिनी आनंदी होती आणि घाबरलेलीही होती. तिच्या मनात भरपाईचा आणि बाळाचा हिशेब एकत्र झाला होता. भरपाई आली तर दोन गाई घेऊन दारात बसायचं, पोराला परगावी कामाला जाऊन सोडायचं नाही, एवढंच तिचं स्वप्न.

मल्हारच्या उलटतपासणीच्या आदल्या दिवशी सरोजिनीबाईंनी त्याला ऑफिसात बसवलं. समोर डेअरीच्या रजिस्टरच्या प्रती होत्या.

"मल्हारराव, उद्या ते एकच गोष्ट विचारणार. वास जर अपघातातच गेला, तर नंतरचे अठ्ठावन्न दिवस एकही चूक कशी नाही? नशिबानं एक दिवस निभावतो, दोन निभावतात. अठ्ठावन्न नाही. मला खरं सांगा. कुणी मदत करत होतं का तुम्हाला?"

मल्हार रजिस्टरकडं बघत राहिला. प्रत्येक पानावर त्याची सही. बिरूचं नाव कुठंही नाही.

"असेल तर त्याचं नाव सांगा. आपला दावा त्या एका नावावर उभा आहे," बाई म्हणाल्या. "नाही सांगितलंत, तर मला काही करता येणार नाही."

"उद्या सांगतो, बाई," तो म्हणाला.

घरी आला तर ओसरीवर बिरू बसलेला. हातात पेढ्याचा पुडा. बऱ्याच महिन्यांनी आला होता. योगिनीनं त्याला पाणी दिलं होतं, पण ती आत चुलीपाशीच उभी होती. बिरूनं पुडा उघडला नाही, नुसता गुडघ्यावर धरून बसला.

"दादा, मला कायम केलं," तो म्हणाला. "ग्रेडर म्हणून. तुमच्या जागंवर. सा म्हयनं बघणार, मग पक्की ऑर्डर."

खोटं कशाला बोला, मल्हारला आनंद झाला नाही. आपणच शिकवलेलं, आपल्याच जागेवर. आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात दिसावी तसं झालं. तरी तो म्हणाला, "चांगलं झालं. अकरा वर्सं काढलीस."

"उद्या तुमची तारीख हाय न्हवं?"

"व्हय."

बिरू पुड्याच्या सुतळीशी खेळत राहिला. "माझं नाव घ्यावं लागलं तर घ्या, दादा. माझं काय एवढं... घ्या तुमी."

तोंडानं घ्या म्हणणारा माणूस डोळ्यांनी नको म्हणत असतो, हे ओळखायला नाक लागत नाही. अठ्ठावन्न दिवस मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकली हे कळल्यावर डेअरी त्याला दारातही उभं करणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बिरू गेला. पुडा तसाच राहिला.

"घ्या त्याचं नाव," योगिनी बाहेर येऊन म्हणाली. "त्यानं स्वतः सांगितलंय. मी भिंतीआडून ऐकलं. आता आपल्या पोटाचं बघा. त्याला दोन लेकरं हायत, मग आपलं काय आभाळातून पडणार हाय?"

मल्हार तात्याबाकडं गेला. म्हातारा अंगणात घोंगडीवर बसून तंबाखू मळत होता. त्यानं सगळं ऐकलेलं असणारच.

"तात्या, काय करू?"

तात्याबानं तंबाखू तोंडात टाकली. "कळप घिऊन चालताना एकादं कोकरू मागं ऱ्हातं. त्येच्यासाठी थांबलं तर लांडगा बाकीच्यांचा फडशा पाडतो. मी कधी थांबलो न्हाय. तूबी थांबू नगं. घे नाव."

मल्हारला हायसं वाटलं. तो उठायला लागला, तेवढ्यात म्हातारा पुन्हा बोलला.

"पर एक सांगतो. कळप किती व्हता, किती पैशाला इकला, ते समदं इसारलो मी. त्यी मागं ऱ्हायलेली कोकरं तेवढी ध्यानात हायत. कुटल्या वढ्याला, कुटल्या बाभळीखाली. ती वरडायची त्येबी ध्यानात हाय."

आता याला सल्ला म्हणायचं की काय म्हणायचं? मल्हार रात्रभर कूस बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गर्दी बेताची होती. कंपनीचे वकील वयस्कर, गोड बोलणारे. त्यांनी मल्हारला आधी तब्येत विचारली, घरी सगळं कसं आहे ते विचारलं. बकऱ्याला पाला दाखवावा तसं. मग रजिस्टर पुढं सरकवलं.

"या सह्या तुमच्याच ना?"

"व्हय."

"रोज साधारण सहाशे झाकणं. अठ्ठावन्न दिवस. म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास. त्यात एकही चुकीचा कॅन तुम्ही आत घेतला नाही, आणि एकही चांगला बाजूला काढला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल तसं सांगतो. बरोबर?"

"बरोबर."

"नाकात वास येत नसताना?"

मल्हारनं रजिस्टर मिटलं.

"साधा प्रश्न आहे," वकील म्हणाले. त्यांचा आवाज अजून गोडच होता. "त्या अठ्ठावन्न दिवसांत झाकणाचा वास घेत कोण होतं?"

मल्हारनं मान वर केली. समोर सरोजिनीबाई पेन उघडून बसल्या होत्या, एक नाव लिहून घ्यायला. मागच्या बाकावर योगिनी, पदर पोटावर ओढून, ओठ घट्ट मिटून. तिच्या शेजारी काठीवर हनुवटी टेकलेला तात्याबा. नाव अगदी ओठांवर आलं होतं. दोन अक्षरांचं नाव, तोंडातून पडायला वेळ तो काय लागतो. आणि नेमकं तेव्हाच त्याला अकरावं झाकण आठवलं. ओठातल्या ओठात पुटपुटणारा बिरू, खाली घातलेली मान. त्याच वेळी बिरू मोठ्यानं बोलला असता, डॉकवरची दहा माणसं हसली असती आणि ग्रेडरची जागा दोन वर्षं आधीच त्याची झाली असती. तो हळू बोलला होता.

"मीच," मल्हार म्हणाला.

"म्हणजे तुम्ही वास घेत होता?"

"व्हय. मीच घेत व्हतो."

सरोजिनीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मागं योगिनीनं डोळे मिटले. शपथ घेऊन खोटं बोलला, पाप लागलंच असेल. पण ते पाप करताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि एवढ्या दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्याच्या बापासारखं ताठ उभं राहिलेलं लोकांनी पाहिलं.

बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "मल्हारराव, तुम्ही कुणाला तरी वाचवलंत. कुणाला ते मी विचारत नाही. पण तुमच्यासाठी आता माझ्याकडं काही उरलं नाही."

निकाल चार महिन्यांनी लागला. मोडलेल्या हाडाचं मिळालं, आठ टाक्यांचं मिळालं, दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला दीड महिना मिळाला. वास गेल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून त्याचं काही नाही. निकालपत्रात त्याच्या नाकावर चारच ओळी होत्या, आणि त्यांत तो खोटं बोलत असल्याची शक्यता सभ्य भाषेत लिहिलेली होती. मल्हारनं त्या ओळी स्वतः वाचल्या, घडी घातली आणि कागद ट्रंकेत ठेवला.

योगिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढायची, कपडे काढून ठेवायची, आणि तेवढंच. एकदाच म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात दिवा लावायला घरातलं तेल ओतलंत तुमी." ती खोटं बोलत नव्हती.

तोवर मुलगी झाली होती. बारशाला योगिनीच्या मनात जाई नाव होतं. मल्हार म्हणाला, अबोली ठेवू. त्या फुलाला वासच नसतो. ते त्याला आणि बाकीच्यांना सारखंच मिळतं. हे कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. योगिनीला ते न सांगता कळलं आणि तिनं वाद घातला नाही. गोरीपान, भरपूर जावळाची पोर. येणाऱ्या बायका तिला उचलायच्या, डोक्याला नाक लावून दीर्घ श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई, कसला गोड वास येतोय गं!" मल्हार तिथून उठून जायचा. कुणी नसताना तोही पोरीच्या टाळूला नाक लावायचा. टाळू मऊ लागायची, उबदार लागायची, आतली धडधड नाकाला कळायची. वास यायचा नाही. मेंढीला आपल्या पिलाचा वास आला नाही तर ती त्याला पाजत नाही, हे त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो माणूस होता म्हणून पोरीला आणखी घट्ट धरायचा, पण त्याला भीती वाटायची.

निकालानंतर तीन आठवड्यांनी बिरू आला. संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, कपड्यांना दुधाचा ओशट चिकटा तसाच. कोर्टात काय झालं ते त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. अंगणात चप्पल काढून तो उभाच राहिला. ओसरीवर चढला नाही.

"दादा," तो म्हणाला. मोठा बापई माणूस, डेअरीचा ग्रेडर, लेकरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"ये, वर ये," मल्हार म्हणाला.

"कसा यिऊ? तुमच्या घरातला घास खाल्ला मी. महिन्याला थोडं थोडं करून मी..."

"पैशाचं नाव काढू नको," मल्हार म्हणाला. "मग मी शपथ मोडली कशाला?"

योगिनी दारात आली. काखेत अबोली. आता ही काय बोलते कुणास ठाऊक. इतक्या महिन्यांचं साठलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं. ती पायऱ्या उतरून बिरूपुढं जाऊन उभी राहिली.

"भरपाई करायचीय ना तुला?" ती म्हणाली.

बिरूनं मान डोलवली.

तिनं पोर त्याच्या हातात दिली. "मग ह्यांना सांग, पोरीच्या टाळूला कसला वास येतो. मी सांगून बघितलं, मला न्हाय सांगता येत. मी आपली 'गोड, गोड' म्हणती. ह्यांना तसं न्हाय कळत. तू ह्यांनीच तयार केलेला हायस. तेवढं तरी येऊ दे आमच्या घरात."

एवढं बोलून तिचा धीर सुटला. ती पायरीवरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

बिरूनं शर्टाच्या बाहीनं आधी स्वतःचं नाक पुसलं, नीट पुसलं. मग दोन्ही हातांत पोरीला धरून, झाकण धरायचा तसं अलगद वर उचललं आणि तिच्या टाळूपाशी नाक नेलं. तात्याबानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि काठी बाजूला ठेवली.

"सांग," मल्हार म्हणाला.

"धारंचं दूध," बिरू म्हणाला. "आताच काडल्यालं, फेसासकट. गाईचं न्हाय. शेळीच्या जवळचं, पर त्येच्याहून हलकं."

"आणि?"

"खोबऱ्याचं तेल हाय जरासं. आन उनात वाळवलेली गोधडी असती का, सांजच्याला घरात घेताना जशी लागती, तसं."

मल्हारनं डोळे मिटून घेतले होते. "आंबूसपणा हाय का कुठं? मानंपाशी बघ. दूध सांडून ऱ्हातं तितं."

"किंचित. मानंच्या वळीत. पर चांगला आंबूस हाय त्यो, दादा. विरजणासारखा."

"परत एकदा घे. नीट घे. घाई करू नको."

बिरूनं पोर छातीशी धरली, पण नाक पुन्हा लावलं नाही. "परत कशाला, दादा?" तो म्हणाला. "पयला वास खरा. तुमीच शिकवलंय."

मल्हारनं हात पुढं केले. बिरूनं पोरीला त्याच्या हातात दिलं, आणि मल्हार तिच्या टाळूवर नाक टेकवून, डोळे मिटलेले तसेच ठेवून, कितीतरी वेळ श्वास घेत राहिला.